माफीचा व्हिडिओ मी काढला होता

"हसून राह्यली ती. परत घे," अण्णा म्हणाले.

ऋतू हसत नव्हती. तिचे ओठ थरथरत होते. पंधरा वर्षांची पोर, दहावीची, शाळेच्या ड्रेसवर तशीच बोलावून आणलेली. शेडनेटच्या दारात, उन्हात उभी. समोर खुर्चीवर अण्णा, बाजूला त्यांची बायको, म्हणजे सगळ्या गावाच्या काकी. मागं त्यांच्या घरातली चार-पाच माणसं. आणि ऋतूपासून दोन हातांवर, मोबाइल धरून मी. तिचा बाप.

"नाव सांग. बापाचं नाव सांग. गाव सांग. मंग माफी माग," अण्णांनी बजावलं.

तिनं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्या वेळी आवाज बारीक आला म्हणून काकींना पटलं नाही. तिसऱ्या वेळी मीच म्हणालो, "हात जोड ना गं. जल्दी आटप." हे अण्णांनी सांगितलं नव्हतं. हात जोडायचं मला सुचलं होतं. ऐन वेळेला माणसाला काही सुचत नाही म्हणतात. मला बराबर सुचलं.

तिनं हात जोडले. "माझ्याकडून चूक झाली. मी अण्णांची आणि काकींची माफी मागते. परत असं करणार न्हाई."

"आता टाक ग्रुपवर. तुझ्याच नंबरवरून टाक."

मी टाकला. गावाच्या ग्रुपवर, जिथं घरटी एक तरी माणूस आहे. अण्णांनी तिथंच उघडून पाहिला, मान हलवली आणि मला चहा विचारला. मी चहा घेतला. बशीत ओतून, सावकाश. ऋतू तोपर्यंत उन्हात उभीच होती.

तिनं काय केलं होतं ते सांगतो.

अण्णा आमच्या गावचे बियाण्याचे ऑर्गनायझर. कंपनी आणि गाव यांच्या मधला माणूस. कंपनीचं मिरचीचं बियाणं त्यांच्या शेडनेटमध्ये, हिरव्या जाळीखाली, तयार होतं आणि ते काम बाया करतात. कळी उमलायच्या आत चिमट्यानं उघडायची, आतला नराचा भाग काढून टाकायचा, दुसऱ्या झाडाच्या फुलाची पूड लावायची, खूण म्हणून दोरा बांधायचा. दिवसभर वाकून. माझी बायको सहा हंगाम तिथं जात होती. सुटताना दारात काकी उभ्या. बियाणं बाहेर जाऊ नये म्हणून झडती. पदर झटक. डबा उघड. डोक्यावरची चुंबळ सोडून दाखव. काकींच्या भावकीतल्या बायाही त्याच शेडनेटमध्ये येतात. त्यांची झडती होत नाही. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नव्हतं. मीही नाही.

ऋतू एकदा सुट्टीच्या दिवशी आईला डबा द्यायला गेली. निघताना तिलाही थांबवलं. सगळ्यांसमोर ओढणी झटकायला लावली. घरी आली ती लालबुंद होऊन. मग तिनं आईचं लुगडं डोक्यावरून घेतलं, आजोबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला, एक हात कमरेवर, आणि मैत्रिणीला म्हणाली, चल, काढ व्हिडिओ. "ए, पदर झटक! डबा उघड! दातात काय लपवलं गं? आ कर, आ!" एवढंच. अर्धा मिनिट. तेच तिनं स्टेटसला ठेवलं.

मी ते पाहून पोट धरून हसलो होतो. हे सांगायलाच हवं. तिची आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "बिलकुल काकीच! मान बी तशीच वाकडी करती गं ती." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. शेडनेटमधल्या बाया एकमेकींना "आ कर" म्हणून हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मला अण्णांचा फोन आला. मी खाटेवर बसलो होतो, उठून उभा राहिलो आणि मग बोललो. त्यांचा फोन आला की मी उभा राहतो. घरात कुणी बघत नसलं तरी.

माझा बाप मेंढ्या राखायचा. अण्णांच्या वडिलांच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायचा. मेंढ्या आमच्या, खत आमचं, आणि बसू दिलं म्हणून उपकार त्यांचे. तिथूनच ही सवय लागली असावी. पुढं जालन्याच्या एमआयडीसीत, सळया ओढणाऱ्या मिलमध्ये मला कामाला लावलं ते अण्णांच्याच शब्दावर. त्यामुळं अण्णांनी फोनवर "पोरीला घेऊन ये" म्हटल्यावर "कामून?" हा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मी शाळेत गेलो आणि तिला चालू तासातून उठवून आणलं.

परत येताना ती बाइकवर माझ्या मागं बसली होती. नेहमी खांद्याला धरून बसते. त्या दिवशी तिनं मागचं लोखंड धरलं. मी म्हणालो, "चार दिवसांत इसरतेत लोक."

लोक विसरले नाहीत. पंधरा दिवसांत त्या व्हिडिओतून स्टिकर तयार झालं. ऋतूचा चेहरा, जोडलेले हात, डोळ्यांत पाणी आणि खाली लिहिलेलं, "चुकलं मालक!" कुणी केलं ते आजवर कळलं नाही. उशीर झाला, टाक स्टिकर. हरलो, टाक स्टिकर. गावातून ते बाजूच्या गावात गेलं, तिथून अजून कुठं कुठं. ज्यांना ती कोण आहे हे ठाऊकही नव्हतं तेही वापरायला लागले.

आमच्या शिफ्टचा एक ग्रुप आहे. एकदा एक जण कामावर उशिरा आला. सुपरवायझर त्याला ग्रुपवर रागावला. त्यानं उत्तर म्हणून माझ्या मुलीचा चेहरा टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी चहाच्या टपरीवर होतो. हातातला ग्लास खाली ठेवला. वाटलं, आपण एकटेच गप्प राहिलो तर कुणाला शंका येईल, कुणी विचारील, हिची आणि तुझी ओळख हाय का. म्हणून मीही एक हसणारं तोंड टाकलं. हसून हसून डोळ्यांतून पाणी येतं ना, ते.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मला माझी किळस आली होती, पण किळस आली म्हणून मी ते पुसलं असंही नाही.

इकडं ऋतूचं वेगळंच सुरू झालं. दर दोन मिनिटांनी मोबाइल उचलायचा. उघडायचा, बोटानं वर-खाली करायचं, ठेवायचा, परत उचलायचा. जेवताना घास तोंडात तसाच. हात बर्फासारखे गार. मधूनच छातीवर हात ठेवून म्हणायची, "मम्मी, बघ ना, कसं धडधड करून राह्यलं." मंठ्याला तिच्या मामाची मुलगी आहे, तिनं ते स्टिकर पाठवून विचारलं, ही तूच ना? त्या दिवसापासून ही ओळखीच्या मुलींकडून त्यांचे ग्रुप बघायला मागायची. कुठं कुठं पोचलं ते बघायला. पुस्तक उघडं आणि नजर मोबाइलवर. चाचणीत पहिल्यांदाच गणितात नापास झाली.

मी चिडलो. मोबाइलनं पोरीची वाट लावली, असं सगळीकडं सांगत सुटलो. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शाळेतले सर म्हणाले, आजकाल घरोघरी हेच आहे. मेव्हणा म्हणाला, मोबाइल काढून घ्या पयले. अण्णा रस्त्यात भेटले, तेही म्हणाले, "पोरींच्या हातात मोबाइल देऊ न्हाई. मी तुला तवाच म्हणणार होतो." मी त्यांनाही हो म्हणालो. फार सोयीचं होतं ते. दोष ठेवायला एक वस्तू सापडली होती आणि ती उलटून बोलत नव्हती.

मी तिचा मोबाइल पत्र्याच्या पेटीत टाकला, कुलूप लावलं, किल्ली खिशात. दोन दिवस ती गप्प होती तर मिलमध्ये सांगितलं, बघा, सुधारली. तिसऱ्या दिवशी शाळेला निघताना तिला उलटी झाली. चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकापासून परत आली. आईनं जवळ घेतलं तर म्हणाली, "बघितलं तर भीती वाटती. न्हाई बघितलं तर लई वाटती. मला कळतच न्हाई आता कोण बघून राह्यलं ते." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, आठ दिवस जाऊ दे, सवय मोडायला वेळ लागतो.

मग तिनं अभ्यासाचं काही बघायला माझा मोबाइल मागितला. मी दिला. पाच मिनिटांनी ती ओसरीत आली. मी दाढी करत होतो.

"पप्पा, हे तुम्ही टाकलं?"

शिफ्टचा ग्रुप. तिचा चेहरा. खाली माझं नाव आणि ते हसणारं तोंड.

"चुकून दाबल्या गेलं असंल," मी म्हणालो.

तिनं मोबाइल माझ्या शेजारी ठेवला, पालथा, आणि आत गेली. मी साबण लावलेला चेहरा घेऊन तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेला गेलीच नाही.

जालन्याला एका डॉक्टरबाईंकडं घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, मुलगी दिवसाला किती तास मोबाइल बघायची? मी पोलिसात तक्रार द्यावी तसा धडाधड सांगत सुटलो. उठल्यापासून झोपेपर्यंत मॅडम, जेवताना बी, अभ्यासात बी. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग पेन ठेवलं आणि ऋतूला विचारलं, "काय बघतेस गं एवढं?"

तीन महिने झाले होते आणि हे तिला आम्ही कुणी विचारलं नव्हतं. किती बघते, कधी बघते, कामून बघते म्हणून खेकसलो होतो. काय बघते हे मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नव्हतं.

ऋतूनं माझा मोबाइल मागितला आणि बाईंना ते स्टिकर दाखवलं. कसं झालं ते थोडक्यात सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला.

"व्हिडिओ कुणी काढला हा?"

मी खाली फरशीकडं बघत होतो. आता ती सांगणार आणि मला ते ऐकावं लागणार, एवढंच डोक्यात होतं.

"माहीत न्हाई मॅडम," ऋतू म्हणाली. "होते तिथले कुणीतरी."

बाई म्हणाल्या, मोबाइल कमी करायलाच हवा, झोप हवी, दर आठवड्याला इथं आणा. पण नुसता पेटीत ठेवून हे थांबणार नाही. मी हो हो म्हणत होतो. माझ्या कानात एकच वाक्य अडकलं होतं. होते तिथले कुणीतरी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तू खोटं कामून बोलली?"

"मंग काय सांगू?" ती म्हणाली. "त्यांच्यासमोर तुमची इज्जत गेली असती ना."

दवाखान्याच्या पायरीवर, माणसांच्या येण्याजाण्यात, मला रडू आलं. पोरीला शेडनेटच्या दारात उभं करताना तिला इज्जत आहे हे मला आठवलं नव्हतं. आणि ती हात गार पडलेले असताना, उलट्या होत असताना, माझी जपत होती. मला बाप म्हणवून घ्यायची लाज वाटली. आजही वाटते.

त्यानंतर आठवडाभरानं अण्णांचा फोन आला. सुट्टीचा दिवस होता. "शेडनेटवर ये," म्हणाले. गेलो. दारात सुनीता उभी. आमच्याच गल्लीतली, माझ्या बायकोबरोबर काम करणारी. तिनं गावाच्या ग्रुपवर एक ओळ लिहिली होती, शेडनेटमध्ये बायांना प्यायला गार पाणी ठेवत जा. एवढ्यावरून अण्णांची बदनामी झाली होती. मागं तीच माणसं, तीच खुर्ची. अण्णांनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढं धरला.

"काढ हिचा व्हिडिओ. तुला सवय हाय."

तुला सवय हाय. एखाद्याला म्हणावं तुला झाडावर चढायची सवय आहे, इतक्या सहज. त्यांच्या मनात टोमणासुद्धा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की हे माझं काम आहे. मी सुनीताकडं पाहिलं. ती पदर पुढं ओढून घेत होती, कॅमेऱ्यासाठी. म्हणजे तीही धरून चालली होती की मी काढणार.

"मी न्हाई काढणार," मी म्हणालो.

"काय?"

"न्हाई काढणार. ऋतूचा काढला ती बी माझी चूक होती. पोरीची न्हाई. तिनं जे दाखवलं ते रोज होतं इथं."

काकी उठून उभ्या राहिल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "मिलमधी कुणी लावलं तुला?"

"तुम्ही."

"मंग?"

"मंग काय न्हाई. व्हिडिओ काढणार न्हाई."

अण्णांनी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली. तेवढ्यात सुनीता वळली आणि गावाकडं चालायला लागली. कुणी तिला अडवलं नाही. मीही तिच्या मागून निघालो. रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "ऋतूच्या टायमाला कुठं गेल्ती ही हिंमत?"

उत्तर मला ठाऊक होतं. तेव्हा मला मुलीपेक्षा अण्णांचा धाक मोठा वाटला होता.

घरी जाऊन मी ऋतूच्या आईला सगळं सांगितलं. हसणाऱ्या तोंडाचंही सांगितलं. ती बराच वेळ चूल सारवत राहिली. मग म्हणाली, "मी बी जाणार न्हाई आता शेडनेटला. आन तुमच्याशी बोलंल तवा बोलंल." मग ऋतूजवळ गेलो. म्हटलं, "मी आता माझाच व्हिडिओ काढतो. सगळं खरं सांगतो. त्याच ग्रुपवर टाकतो."

तिनं एकदम दोन्ही कान दाबून धरले. "नको! मोबाइल नको पप्पा. परत सगळे तेच काढतील, परत मलाच बघतील."

मला वाटत होतं मी मोठं काहीतरी करून राह्यलो. तिला त्याचीच भीती वाटत होती. मी एक व्हिडिओ टाकून मोकळा होणार, लोक मला शाबास म्हणणार, आणि तिचा चेहरा पुन्हा फिरणार. तिनं नको म्हटलं आणि मला कळलं की हे काम मोबाइलवर होणारं नाही. पायांनी करावं लागणार. माझा बाप एक मेंढरू चुकलं तर तीन-तीन गावं पालथी घालायचा, दारोदार विचारायचा. माझी तर मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हणालो, "ते चुकलं मालकवालं स्टिकर. ती माझी पोरगी हाय. तो व्हिडिओ मी काढला होता. तिनं काय बी चूक केली नव्हती."

सुपरवायझर म्हणाला, "अरे, तुझी पोरगी हाय हे आम्हाला काय माहीत?"

"आता माहीत झालं. आता पुसा. मी बघतो."

काहींनी मान खाली घालून पुसलं. एक जण म्हणाला, एवढं काय त्यात, गंमत हाय. त्याच्यासमोर मी त्याचा चहा गार होईपर्यंत उभा राहिलो, मग त्यानंही पुसलं. प्रत्येकाला विचारलं, तुझ्याकडून पुढं कुणाला गेलं? नाव सांग. एक नाव निघालं की त्यातून दोन निघतात. मग त्या दोघांकडं जायचं. शिफ्ट सुटली की बाइक काढायची. मंठ्याला जाऊन आलो. मेव्हण्याच्या आळीतल्या पोरापोरींच्या आयांना भेटलो. एका बाईनं दार लावून घेतलं. एकानं माझाच फोटो काढायला मोबाइल वर केला, त्याचा हात खाली होईपर्यंत मी हललो नाही.

हे संपणारं नाही, मला माहीत आहे. एक पुसलं तर दुसरीकडं चार राहिलेले असणार. बायकोचं काम सुटलं, माझंही मिलमधून कधी काढतील सांगता येत नाही. ऋतू आठवड्याला डॉक्टरबाईंकडं जाते. शाळेला कधी जाते, कधी फाटकापासून परत येते. मोबाइल आता पेटीत नाही, बाईंनी ठरवून दिलेल्या वेळात तिच्याजवळ असतो, आणि तो हातात आला की तिचे हात अजून गार पडतात. मी घरी आलो की विचारते, "आज कुठं गेल्ते?" मी गावाचं नाव सांगतो. तिनं मला माफ केलेलं नाही. तिनं करावं असं मी तिला कधी म्हणणार नाही.

शहागडला हायवेवर एक गॅरेजवाला आहे. त्याच्याकडून ते ट्रकवाल्यांच्या ग्रुपमध्ये गेलं, असं काल एकानं सांगितलं. उद्या सकाळी मी तिकडं निघणार आहे. तो हसेल. चार माणसं गोळा करेल. अंगावरही येईल. येऊ दे. ती माझी मुलगी आहे हे त्याच्या तोंडावर सांगणार, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा पुसत नाही तोवर त्याच्या दारातून उठणार नाही.